चार किलोवरचा काटा

१

गाडी मेली होती, चालक मेला होता, आणि तेलाच्या दाबाचा काटा म्हणत होता, सगळं ठीक आहे.

चार किलो. तेलाचा दाबही किलोतच मोजतात, बटाट्यांसारखा. पळत्या इंजिनात चार किलो म्हणजे तब्येत ठणठणीत. पण हे मीटर पळत्या इंजिनावर नव्हतं, ते मीटरताईच्या टेबलावर होतं, अख्ख्या डॅशबोर्डासकट. ज्या इंजिनाची खुशाली ते कळवत होतं ते नऊ दिवसांपूर्वी, शर्यतीच्या अकराव्या फेरीत, लांब वळणावर जाम झालं होतं. मागची चाकं जागच्या जागी थांबली, गाडी थांबली नाही. तिला भिंतीने थांबवलं.

डॅशबोर्डासोबत शर्यत समितीचं पत्र होतं. 'श्री. मीटरवाले' अशी सुरुवात. मीटर दुरुस्त करणारी बाई असू शकते ही शक्यता समितीने फार काळ मनात ठेवली नसावी. पत्राचा मजकूर मात्र स्वच्छ होता. धडकेच्या धक्क्याने काटा त्या क्षणी जिथे होता तिथेच अडकला, असं आमचं मत आहे. खाली सही करावी. म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत दाब चार किलो होता. इंजिनाखालचं तेलाचं चेंबरही भरलेलं सापडलं. तेलाची काही चूक नाही, तर चूक बेअरिंगची, आणि बेअरिंग बसवणाऱ्या मिस्त्रीची. गुरुवारी सुनावणी. मिस्त्रीचा परवाना जाणार आणि हलगर्जीपणाने जीव घेतल्याचा खटला उभा राहणार.

मिस्त्री मीटरताईचा बाप होता. समितीला हे माहीत नव्हतं, कारण समितीने विचारलं नव्हतं.

मीटरताईने सही करण्याआधी, केवळ सवयीने, काचेवर नखाने टिचकी मारली. काटा थरथरला, डुलला आणि पुन्हा चारवर येऊन बसला.

ती थोडा वेळ बघत राहिली. अडकलेला काटा थरथरत नाही, तो मुकाट पडून राहतो. हा मोकळा होता, आणि कुणीतरी त्याला मागून चारपर्यंत ढकलून धरलं होतं.

तिने डॅशबोर्ड पालथा केला. इंजिनाकडून मीटरपर्यंत तेल आणणारी तांब्याची बारीक नळी होती, तिच्यावर वीतभर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. पट्टी सोलली. खाली नळी चेपून सपाट केलेली होती. मग दुमडलेली. मग दुमडीवर पुन्हा चेपलेली. पलीकडे मीटरच्या पोटात तेलाचा एक घोट कोंडलेला होता, आणि तोच बिचारा नऊ दिवस काटा उचलून उभा होता.

तांब्यावर पकडीचे दात उमटले होते. भिंतीने बऱ्याच गोष्टी केल्या होत्या, पण भिंतीकडे पक्कड नसते.

२

गॅरेजमध्ये पाय ठेवायला बंदी झाल्यापासून बाबांनी घर दुरुस्त करायला घेतलं होतं. एकही नळ आता गळत नव्हता. दोन तर उघडतही नव्हते. मीटरताई गेली तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी काढून बसले होते आणि आई शेजारच्या खोलीतून विचारत होती की दार नक्की कुठल्या बाजूला उघडायचं ठरलंय.

मीटरताईने नळीचं सांगितलं. मेलेल्या माणसाबद्दल ते काही बोलतील असं तिला वाटलं होतं.

"म्हणजे माझं बेअरिंग बरोबर होतं," बाबा म्हणाले.

मग त्यांनी सगळी जुनी कहाणी पुन्हा सांगितली, जी तिला पाठ होती. चालक म्हणजे गॅरेजच्या मालकांचा जावई. सगळं गॅरेज त्याला जावईबापू म्हणायचं. गाडी चांगली हाकायचा, पण एक डोळा रस्त्यावर आणि एक काट्यावर. लांब वळणावर काटा चारवरून एकवर पडतो म्हणून लागोपाठ तीन शर्यतींत तो अर्ध्यातून गाडी परत घेऊन आला. तिन्ही वेळा बाबांनी इंजिन खोललं. तिन्ही वेळा आत सगळं आरशासारखं. मालकांच्या मुलाने, म्हणजे जावईबापूंच्या मेव्हण्याने, त्यांचं बारसं करून टाकलं: परतबापू. बाबांनी भर घातली की काटा खोटं बोलतो, इंजिन बोलत नाही.

"चेंबरमध्ये आडवे पत्रे टाका म्हणायचा," बाबा म्हणाले. "वळणावर तेल एका बाजूला पळतं म्हणे, पंपाच्या तोंडाशी राहत नाही. मी म्हटलं, इंजिन आहे की मसाल्याचा डबा, कप्पे पाडायला?"

"मग टाकले?"

"टाकले असते तर तो म्हणाला असता, बघा, खोट होतीच."

मीटरताईने विचारलं, शर्यतीच्या दिवशी काटा तुम्ही बघितला होतात का. बाबांनी बिजागरी खाली ठेवली. चेहरा उजळला. सुरुवातीच्या रेषेवर, झेंडा पडायच्या आधी, ते नेहमी खिडकीतून आत वाकून बघत. त्या दिवशी चार. एकदम खणखणीत चार, शाळेतल्या पहिल्या नंबरासारखा ताठ.

"इंजिन तापलेलं होतं?"

"अर्धा तास चालू होतं. का गं?"

"काही नाही," मीटरताई म्हणाली, आणि तो प्रश्न आपण विचारलाच नाही असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

निघताना तिने विचारलं, हे कुणी केलं असेल. बाबांनी दार बिजागरीवर चढवलं, ते भिंतीवर आपटेपर्यंत उघडून बघितलं, आणि मग म्हणाले, "ज्याला तो परत यायला नको होता, त्याने."

घरी जाताना मीटरताईने तशा माणसांची मनातल्या मनात यादी केली. पहिलंच नाव बाबांचं निघालं.

३

मालकांच्या खोलीत बक्षिसांसाठी एक मोठं काचेचं कपाट होतं. त्यात सध्या फाइली होत्या.

मालक वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर बोलणं सोपं गेलं असतं. त्यांनी स्वतःहून सांगितलं की शर्यतीच्या आदल्या रविवारी जेवताना जावयाला आपण काय बोललो. बोलायचं म्हणून बोललो, सगळेच हसले, जावईही हसला.

"काय बोललात?"

"एकदा तरी शेवटपर्यंत जा, म्हटलं. मग मरायचं तर मर."

ते वाक्य टेबलावर येऊन पडलं. मालकांनी त्याच्यावर एक फाइल ठेवल्यासारखं केलं आणि म्हणाले की मिस्त्रींचा आपल्याला राग नाही, पण कुणाची तरी चूक असल्याशिवाय समिती फाइल बंद करत नाही. शिवाय पुढच्या शर्यतीत दुसरी गाडी उतरवायची आहे. तीच बनावट, तेच इंजिन. चालवणार मुलगा.

मुलगा, म्हणजे मेव्हणा, खाली त्या दुसऱ्या गाडीच्या बॉनेटवर बसला होता. इतकी वर्षं तो राखीव चालक होता. राखीव म्हणजे, त्याच्याच शब्दांत, लग्नात दुसरा नवरा तयार ठेवतात तसा. आता बढती मिळाली होती आणि तिचा आनंद कुठे ठेवायचा ते त्याला कळत नव्हतं.

"या, मीटरबाई. आमची नाडी बघायला आलात?"

तिने सरळ विचारलं की डॅशबोर्डाखाली कोण कोण शिरलं होतं. तो म्हणाला, सकाळी तर कुणीच शिरू शकत नाही. मिस्त्रींचा कायदा आहे, पहिली चावी चालकाची. ज्याला गाडी पळवायची त्यानेच सकाळी गार इंजिन सुरू करायचं, एकट्याने, दार लावून, ते तापेपर्यंत ऐकत बसायचं. बाकीच्यांनी तोवर बाहेर चहा प्यायचा. इंजिनाची आणि माणसाची ओळख होते म्हणे. आपण स्वतः या कायद्याच्या वाटेला गेलो नाही, कारण सूर्य आणि आपण एका वेळी कधी उठलेलोच नाही.

"आणि दुपारी?"

मेव्हण्याने बॉनेटवरची नसलेली धूळ पुसली. शर्यतीच्या आदल्या दुपारी सरावाची फेरी झाली होती. गाडी नुकतीच आत आणून उभी केली होती, इंजिन चालूच होतं. मीटरमागचा दिवा गेला होता. तो बदलायला आपण डॅशबोर्डाखाली शिरलो होतो, तो म्हणाला. असेल वीस मिनिटं.

"हातात पक्कड होती?"

तो विनोद न करता बॉनेटवरून खाली उतरला. त्याच्या बाबतीत ही नवीनच गोष्ट होती.

"होती," तो म्हणाला.

४

दुसऱ्या दिवशी मीटरताईने काहीच केलं नाही. मीटर खिडकीत ठेवलं आणि दिवसभर त्याच्याकडे बघत बसली. शेजारच्या शिंप्याने दोनदा डोकावून विचारलं, कुठली मालिका आहे.

सकाळच्या गारव्यात काटा बरोबर चारवर होता. खिडकीत ऊन आलं तसा तो सरकू लागला. दुपारी साडेचार किलो. ऊन गेलं तसा पुन्हा उतरला. कोंडलेलं तेल तापून फुगत होतं आणि गार होऊन आखडत होतं. दाबाचं मीटर आता हवामान सांगत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याला खोटं ठरवत नव्हतं.

एवढ्यावरून मेव्हणा सुटला.

कारण नळी चेपली की काट्यावर त्या घटकेचा दाब कोंडला जातो, फोटो काढल्यासारखा. सरावाची फेरी करून आलेल्या गाडीचं तेल तापून पाण्यासारखं पातळ झालेलं असतं, आणि गाडी जागेवर उभी असताना काटा दीडच्या वर चढत नाही. मेव्हण्याने त्या दुपारी नळी चेपली असती तर कोंडला असता दीड. आणि गार झाल्यावर तोही उरला नसता. उभ्या गाडीत चार किलो मिळतात ते फक्त इंजिन गार असताना, तेल मधासारखं घट्ट असताना. काटा आज सकाळच्या गारव्यात चारवर होता, म्हणजे तो कोंडला गेला तोही अशाच गारव्यात. सकाळी. पहिल्या चावीला.

आणि पहिल्या चावीला गॅरेजात एकच माणूस असायचा.

मीटरताईला हे पटेना. दुसऱ्या कुणी दार ढकललं असेल, आधी येऊन लपलं असेल. माणूस स्वतःच्याच गाडीचा काटा कशाला बांधून ठेवील? तिने डॅशबोर्डावरचं शेजारचं मीटर बघितलं, तेलाच्या तापमानाचं. त्याला दोन काटे होते. पांढरा परत शून्यावर आला होता. लाल काटा मात्र गाडीने गाठलेल्या सगळ्यात वरच्या आकड्यावर राहतो, हाताने मागे आणेपर्यंत. तो दीडशे अंशांवर होता. तिथे त्याने कधीच जायला नको होतं.

तापमानाचा काटा आणि दाबाचा काटा नवरा-बायकोसारखे असतात. एकाचा पारा चढला की दुसऱ्याने पडतं घ्यायचं. तेल तापलं की पातळ होतं, पातळ झालं की दाब उतरतो. हे जावईबापूंना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते वर्षानुवर्षं त्या दोघांच्या संसारात नाक खुपसून बसले होते. दाबाचा काटा जरा हलला की परत येणारा माणूस. त्याच्या डोळ्यांसमोर तापमान शंभरावरून दीडशेवर गेलं आणि दाब जागचा हलला नाही. अर्ध्या फेरीत त्याला कळलं असतं की हे मीटर खोटं आहे. तो परत आला असता.

तो परत आला नाही. म्हणजे तो फसलाच नव्हता. मीटर खोटं आहे हे त्याला शर्यत सुरू व्हायच्या आधीपासून माहीत होतं.

५

मालकांची लेक वडिलांच्याच घरी, तिच्या लग्नाआधीच्या खोलीत राहायला आली होती. कपाटावर शाळेतले तक्ते अजून चिकटलेले होते. तिने मीटरताईला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसली, पाहुण्यासारखी.

फार काही विचारावं लागलं नाही. नवऱ्याला त्या काट्याची स्वप्नं पडायची, ती म्हणाली. झोपेत अंगठा आणि बोट जवळ आणून तो हवेत काहीतरी मोजायचा. शेवटच्या आठवड्यात त्याने एकदा विचारलं होतं, भीती दिसायची बंद झाली की जाते का. तिला वाटलं होतं, तो त्यांच्या ओळखीतल्या कुण्या आजाऱ्याबद्दल बोलतोय.

शर्यतीच्या सकाळी तो गॅरेजातून कपडे बदलायला घरी आला. बोटं तेलाने काळी. फार हलका दिसत होता. कितीतरी दिवसांनी पोटभर खाल्लं.

"म्हणाले, आज मी परत येणार नाही. मी म्हटलं, बघू हं, परतबापू."

मीटरताईने वर बघितलं.

"मीही तेच म्हणायचे ना," लेक म्हणाली. "लाडाने."

खाली मालक कुणाला तरी फोनवर टायरांचं माप सांगत होते. मीटरताईने चेपलेल्या नळीचं सांगितलं. लेकीने विचारलं, त्यांना काटा नकोच होता तर वर कागद का नाही चिकटवला. मीटरताई म्हणाली की झाकलेला काटा जास्त दिसतो. शिवाय रेषेवर मिस्त्री आत वाकून बघणार, झाकलेला काटा बघितला तर गाडी सोडणार नाहीत. हे बोलताना तिची जीभ किंचित अडखळली. लेकीच्या ते लक्षात आलं की नाही, कळलं नाही. तिने फक्त विचारलं, उद्या गॅरेजमध्ये सगळ्यांना सांगाल तेव्हा मीही येऊ का.

६

सगळे दुसऱ्या गाडीभोवती उभे राहिले: मालक, मेव्हणा, लेक, आणि एका तासापुरती बंदी उठवलेले बाबा. बाबांनी आल्या आल्या भिंतीवर उलटा टांगलेला एक पाना सुलटा केला.

मीटरताईने सगळं क्रमाने सांगितलं. थरथरणारा काटा, चेपलेली नळी, सकाळचे चार किलो आणि दुपारचे साडेचार. मेव्हण्याचा दिवा नुसता दिवाच होता, हेही सांगितलं. त्याने इतका मोठा श्वास सोडला की तो आठवडाभराचा असावा. तापल्यावर उभ्या गाडीत दीड, गार असताना चार. पहिली चावी. लाल काटा. मग ती कडवट भाग बोलली. जावईबापूंचं म्हणणं तिन्ही वेळा खरं होतं. लांब वळणावर तेल खरोखरच चेंबरच्या एका कडेला चढायचं आणि पंप हवा ओढायचा. तिन्ही वेळा ते परत आले म्हणून तिन्ही वेळा इंजिन आतून आरशासारखं राहिलं. आपण सगळे त्यांना हसलो, म्हणून चौथ्या वेळी त्यांनी काट्याला गप्प केलं आणि शेवटपर्यंत जायला निघाले.

मग मालकांनी चेहऱ्यावरून हात फिरवला.

"म्हणजे कुणाचाच दोष नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं, आणि दुःखाच्या खांद्याला खांदा लावून सुटका उभी होती. स्वतःच्या हाताने केलं बिचाऱ्याने. समितीला हे कळवलं की संपलं, आणि मिस्त्रींनी उद्यापासून कामावर यावं.

मीटरताईने अहवाल लिहूनच आणला होता. तिने तो बॉनेटवर ठेवला. शेवटची ओळ तिने मोठ्या अक्षरात लिहिली होती: यात मिस्त्रींचा दोष नाही. बाबांनी चष्मा काढून ती वाचली आणि चष्मा पुसला.

"काका," लेक म्हणाली. "सुरुवातीच्या रेषेवर काटा तुम्ही बघता ना?"

"बघतो."

"त्या दिवशी बघितलात?"

मीटरताई मध्येच म्हणाली की रेषेवर गडबड असते, झेंडा पडायला काही क्षणच असतात, काचेवर ऊन असतं. ती भराभर बोलत होती. आयुष्यभर काट्यांशी खरं बोललेली बाई पहिल्यांदाच माणसांशी खोटं बोलत होती आणि तिला ते अजिबात जमत नव्हतं.

लेकीने तिला संपवू दिलं. मग पुन्हा बाबांकडे वळली. "गाडी अर्धा तास चालू होती. तापलेल्या उभ्या गाडीत दीड असतो, असं ताई आत्ताच म्हणाल्या. तुम्हाला किती दिसला?"

बाबांनी मुलीकडे बघितलं. ऊन होतं म्हणा, अशी ती डोळ्यांनी विनवत होती. एवढं एक 'ऊन होतं' आणि गुरुवारी सगळं सुरळीत.

"चार," बाबा म्हणाले.

"मग?"

"तापल्या इंजिनात चार येत नाही. पोरंसोरंसुद्धा सांगतील." ते थांबले. "मला आवडला तो चार. वाटलं, झालं एकदाचं माझं खरं. त्याला म्हणालो सुद्धा, बघ, काय म्हणत होतो मी?"

"ते काय म्हणाले?"

"हसला. म्हणाला, हो काका, तुमचंच खरं."

लेकीने मान हलवली. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं. त्याचं काय करायचं हे तिला माहीत नसावं. ती दाराशी गेली आणि पाठ करून उभी राहिली.

मेव्हणा बॉनेटपासून दोन पावलं मागे सरकला होता. त्याने खालच्या आवाजात विचारलं, "या गाडीच्या चेंबरमध्ये पत्रे आहेत का?"

"नाहीत," बाबा म्हणाले.

मालक म्हणायला लागले की आता जुनं उकरून कुणाचं भलं होणार आहे, अहवाल चांगला आहे, आहे तसाच जाऊ दे. बाबांनी मीटरताईच्या खिशातलं पेन काढून घेतलं. तिने त्यांचं मनगट धरलं. इतकं जड मनगट तिने लहानपणी रस्ता ओलांडताना धरलं होतं, तेव्हा ओढणारे ते असत. तिने सोडलं.

बाबांनी शेवटच्या ओळीतला 'नाही' खोडला. एक रेघ, मग तिच्यावर दुसरी, खालचं अक्षर वाचता येणार नाही अशी. उरलेलं वाक्य एकदा वाचून बघितलं. यात मिस्त्रींचा दोष. व्याकरणाने ते चालत होतं.

कागदाची घडी घालून त्यांनी तो मुलीच्या हातात दिला.

"गुरुवारी किती वाजता जायचंय?" त्यांनी विचारलं.